डीनबाईंचा करडा सूट

१

रविवारी सकाळी मी कपाट उघडलं तर करडा सूट नव्हता. हँगर तेवढा लटकत होता.

मला आधी राग येतो आणि मग विचार सुचतो, हे माझ्या नवऱ्यापासून आमच्या डीनबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी मी कॉरिडॉरमध्ये टवाळक्या करणाऱ्या पोरांवर ओरडले. त्यांचा काही संबंध नव्हता. मग खुर्चीत बसले.

आमचं कॉलेज म्हणजे टॉलिव्हर विद्यापीठाची रास अल खैमाच्या फ्री झोनमधली शाखा. मूळ टॉलिव्हर अमेरिकेत, खाली दक्षिणेत. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी आपल्या पोरांना शिकवायला एका चर्चच्या तळघरात ते सुरू केलं. दुबईत पैसा उतू जात होता तेव्हा त्यांनी इथे शाखा काढली, आणि मी, विभावरी, जुमेरा लेक टॉवर्समधून रोज एवढ्या लांब येऊन तिचं करिअर ऑफिस चालवू लागले. मुलांचे सीव्ही, खोटेखोटे इंटरव्ह्यू, कंपन्यांना फोन. आता दोन हजार नऊचा मार्च होता. बाहेर मंदीने क्रेन थांबल्या होत्या आणि एकही कंपनी माझा फोन उचलत नव्हती.

कपाट ही टॉलिव्हरची जुनी रीत. तिकडे गरीब पोरांकडे इंटरव्ह्यूला घालायला कोट नसायचा, म्हणून नोकरी लागलेले लोक आपले सूट कॉलेजला देऊन जायचे. इथेही तेच. ज्याला सूट हवा त्याने न्यावा, आपलं ओळखपत्र हँगरला अडकवावं, आणि सूट परत आणला की कार्ड न्यावं. करडा सूट मात्र कुणाला द्यायचा नव्हता. तो डीन ओडेसा व्हिटफील्ड यांच्या नवऱ्याचा. खेड्यातला तो पोरगा ह्याच सूटमध्ये पहिल्या इंटरव्ह्यूला गेला होता. बाई दरवर्षी नव्या मुलांसमोर तो हातात घेऊन ही गोष्ट सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

हँगरला कार्ड नव्हतं. शेजारच्या हँगरला होतं. निळा सूट नेलेल्या शाहबाजचं.

स्टुडंट लाइफचा डायरेक्टर मार्कस बेल माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने ते कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला आणि म्हणाला, "गुरुवारी सगळ्यात शेवटी किल्ली ह्यानेच नेली होती ना?"

२

नेली होती. मीच दिली होती. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात शाहबाजने मार्कससमोर मला विचारलंही होतं, "मॅम, निळ्याच्या बाह्या आखूड होतात. तो करडा नाय भेटणार?"

शाहबाज रत्नागिरीकडचा. वडील, अन्वरभाई, इथल्या एका सिमेंट कंपनीत होते. जानेवारीत त्यांची नोकरी गेली, व्हिसा गेला, आईवडील गावी परतले. पोरगा शेवटच्या वर्षाला, कॉलेजच्या व्हिसावर एकटाच मागे राहिला. सगळं घर त्याच्या डिग्रीकडे डोळे लावून बसलं होतं. येत्या गुरुवारी दुपारी त्याचा एका सिरॅमिक कंपनीत इंटरव्ह्यू होता. ती एक कंपनी मी किती नाक घासून मिळवली होती ते मलाच माहीत.

मार्कसने गुरुवारी सकाळी चौकशी समिती लावली. चोरी ठरली तर शाहबाज सस्पेंड. सस्पेंड म्हणजे व्हिसा खलास, आणि डिग्री तोंडाशी येऊन गेली.

"मॅम, मी निळाच नेला," तो माझ्यासमोर उभा राहून सांगत होता. "कसम खातो. किल्ली तुमच्या टेबलावर ठेवली, तुम्ही फोनवर होता."

"तू कसम खाऊ नकोस. तू आत्ता काय खाल्लंयस ते सांग. चेहरा बघ तुझा."

त्याने काहीच खाल्लं नव्हतं. मी त्याला माझा डबा दिला आणि परत चिडले. ह्या वेळी स्वतःवर, कारण माझा त्याच्यावर विश्वास होता आणि त्यासाठी माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

मार्कसने लगेच कपाटाचं कुलूप बदललं आणि नवी किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. मला ते झोंबलं. त्याच्याकडे मास्टर किल्ली होतीच की. शिवाय हाच माणूस मागे बाईंशी वाद घालत होता, की कपडा अंगावर शोभतो, कपाटात ठेवून त्याची पूजा करू नका. दुसरी मास्टर किल्ली आमच्या रजिस्ट्रारकडे, विजयकुमारकडे. आणि माझ्या टेबलावर पडलेली किल्ली कुणीही उचलू शकलं असतं. माझ्या ऑफिसात मदतीला येणारा विद्यार्थी, तन्मयसुद्धा.

संध्याकाळी घरी जाताना हे सगळं मी गाडीत बडबडले. गाडी विजयकुमारची. आम्ही दोघं एकाच टॉवरमध्ये राहतो, तो मूळचा दादरचा, मी पुण्याची. रोज जाता-येता मी बोलते आणि तो ऐकतो.

"मार्कसने घेतला असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला.

"किंवा त्या तन्मयने."

"तोही असेल."

"तुम्ही जरा डोकं लावाल का, विजयकुमार? एका पोराचं आयुष्य जातंय."

त्याने एसी वाढवला. "मॅडम, सूट मिळेल. एवढं काय. परत येईल तो."

मग मी विषय बदलला. पुढच्या सेमिस्टरच्या करिअर फेअरसाठी हॉल धरायचा होता, वेळापत्रक अजून कसं लागलं नाही म्हणून विचारलं. दरवर्षी मार्चात हा माणूस वेळापत्रकाने आम्हाला हैराण करतो. "बघू," तो म्हणाला, "इन्शाल्ला." शनिवार कसा गेला विचारलं तर म्हणाला, अबू धाबीला मित्राकडे जेवायला गेलो होतो, एकटाच.

आणि मंगळवारी सकाळी सूट खरंच परत आला. होस्टेलच्या लाँड्री रूममध्ये लटकत होता. शाहबाजच्या निळ्या सूटच्या शेजारी, त्याच दांडीवर.

३

"आता काय बोलणार?" मार्कस म्हणाला.

मी बोलले. मला न बोलता येत नाही. म्हटलं, चोरी करणारा मुलगा सूट आपल्याच कपड्यांशेजारी लटकावेल का? तो म्हणाला, घाबरला असेल. म्हटलं, ज्याने ठेवला त्याला तो कपाटातच ठेवायचा होता, पण तू कुलूप बदललंस. म्हणून सगळ्यांचे सूट जिथे इस्त्रीसाठी लटकतात तिथे आणून अडकवला. तो म्हणाला, हो, आणि तो माणूस शाहबाज. असं गोल गोल फिरत आम्ही डीनबाईंच्या खोलीत पोचलो.

बाईंनी सूट टेबलावर पसरला होता. इस्त्री कडक होती. त्या एकेक शिवण बोटाने तपासत होत्या आणि कोटाच्या खालच्या टोकाशी, आतल्या अस्तरावर, त्यांचं बोट थांबलं.

"डाग आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घालून जेवलाय कोणीतरी."

मार्कसने वाकून बघितलं. "करी. होस्टेलला गुरुवारी बिर्याणी असते."

मीही वाकले. एक पिवळं बोट. त्याच्याच शेजारी एक लाल बोट.

मी किती वेळ तशीच वाकून राहिले कोण जाणे. माझ्या आईने माझ्या प्रत्येक परकर-पोलक्याला, पहिल्या पंजाबी ड्रेसला, लग्नाच्या शालूला हे केलेलं मी बघितलं आहे. मी स्वतः माझ्या लेकाच्या युनिफॉर्मला करते, आणि तो म्हणतो, "मम्मा, प्लीज, नॉट अगेन."

"ही करी नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी बाईंना घेऊन पँट्रीत गेले. ओला टिश्यू त्या पिवळ्या बोटावर हलकेच टेकवला, टिश्यू पिवळा झाला. त्यावर हात धुवायच्या साबणाचा थेंब टाकला, तो लालसर झाला. "हळद आहे. साबण लागला की लाल होते, आमच्याकडे कपडे धुणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असतं."

"करीत हळद असतेच," मार्कस दारातून म्हणाला.

"असते. पण करीत तेल असतं. इथे तेलाचा ओघळ दाखव मला. आणि जेवताना सांडलं तर ते छातीवर सांडेल, पोटावर सांडेल. अस्तराच्या आतल्या कोपऱ्यात कसं जाईल? आणि शेजारी कुंकू कुठून आलं? हे कुणीतरी मुद्दाम, बोटाने लावलंय. दिसू नये अशा जागी."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण कशासाठी हे कळलं की कोण हेही कळणार होतं, आणि ते मला त्या क्षणी कळलं होतं. मला ते नको होतं. मी म्हटलं, "उद्यापर्यंत थांबा. मला एका घरी जायचंय."

४

आमच्यात नवीन कपडा अंगावर घालायच्या आधी घरची बाई त्याला हळदीकुंकवाचं बोट लावते. कपडा घालणाऱ्याला लाभावा म्हणून. शाहबाजच्या घरी ही रीत नाही, आणि तो तर एकटाच होस्टेलला. मार्कसच्या घरी हळद असलीच तर मसाल्याच्या बाटलीत. म्हणजे सूट एका मराठी हिंदू घरी जाऊन आला होता. कपाटाशी संबंध येणारी अशी घरं तीन. माझं, तन्मयचं आणि विजयकुमारचं.

माझं मला माहीत होतं. तन्मयला मी बुधवारी सकाळी गाठलं. "आंटी, आय स्वेअर, आय डिडन्ट टच इट," तो म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे मला, जा. कारण त्याची आई मैथिली दर महिन्याला येऊन कपाटातले सूट इस्त्री करून जाते. हौसेने करते, बिचारी. करड्या सूटची गोष्ट ती माझ्यापेक्षा छान सांगते. तिच्या घरात तो सूट आला असता तर तिने त्याला बोट लावलं नसतं, पोराच्या कानाखाली लावली असती.

जिने बोट लावलं तिला तो सूट नवाकोरा वाटला होता. आणि तो घेऊन येणाऱ्याने तिला तसंच सांगितलं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गेले. विजयकुमारच्या बायकोने, सुहासिनीने, दार उघडलं आणि मला हाताला धरूनच आत घेतलं. विजयकुमार आत चहा टाकत होता.

"बरी आलीस," सुहासिनी म्हणाली. "तुझ्याशी भांडायचंच होतं. कॉन्व्होकेशनसाठी कॉलेजने स्टाफला एवढे भारी सूट दिले आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. तुम्हा बायकांना काय दिलं? साडी?"

किचनमधला कपांचा आवाज थांबला.

"माझं माप चुकलं," मी म्हटलं. "परत पाठवलंय."

"अगं, ह्यांचा तर अंगावर शिवल्यासारखा बसला. शनिवारी घातलाही, अबू धाबीला कॉलेजची मीटिंग होती ना. आंघोळीला गेले तेवढ्यात मी हळदकुंकू लावून घेतलं, नाहीतर हे चिडतात, ऑफिसचा कपडा आहे म्हणतात. मीटिंगहून आले तर धुळीने भरलेला, म्हणून मीच खाली लाँड्रीत इस्त्रीला टाकला. तर हे केवढे वैतागले माझ्यावर. सोमवारी मिळाला तोवर घरात नुसत्या येरझाऱ्या."

विजयकुमार ट्रे घेऊन दारात उभा होता. मला मित्र सांगितला, बायकोला मीटिंग. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. ट्रे त्याने खाली ठेवला नाही, तसाच धरून उभा राहिला.

"मॅडमना खाली सोडून येतो," तो म्हणाला.

"अहो, चहा?"

चहा तसाच राहिला.

५

खाली तळ्याच्या कडेला लोक फिरायला आले होते. मी इतकी चिडले होते की नीट वाक्य येईना.

"चार दिवस मी तुमच्या शेजारी बसून बडबडतेय. त्या पोराचं काय होणार ते तुम्हाला रोज सांगतेय. आणि तुम्ही एसी वाढवताय."

"मला वाटलं, सूट मिळाला की प्रकरण मिटेल."

"त्याच्या कपड्यांशेजारी लटकावलात."

"मला माहीत नव्हतं तो निळा त्याचा आहे. आईशप्पथ. रिकामी जागा दिसली, अडकवला आणि पळालो. रविवारी पहाटे कपाटात ठेवायचा होता, पण ती लाँड्री. मग कुलूप बदललेलं."

"पण घेतलातच का? एक सूट विकत घेता येत नव्हता?"

"घेतला असता तर सुहासिनीने विचारलं असतं, कशाला. काय सांगणार होतो? इंटरव्ह्यू आहे? मग तिने विचारलं असतं, असलेली नोकरी का सोडताय." तो कठड्याला टेकला. "कॉलेजचा सूट म्हटलं की प्रश्नच नाही. गुरुवारी संध्याकाळी अबू धाबीतल्या अल रीमहून फोन आला, तिथे एक नवीन कॉलेज निघतंय, शनिवारी या म्हणाले. मी कपाट उघडलं, करडा अंगाला लावून बघितला. बसला. एवढंच."

"आणि असलेली नोकरी का सोडताय?"

 तेवढ्यात मला न लागलेलं वेळापत्रक आठवलं. पुढच्या सेमिस्टरचा हॉल आठवला. माझा राग एकदम कुठच्या कुठे गेला.

"विजयकुमार, आपलं कॉलेज बंद होतंय का?"

"जूनमध्ये," तो म्हणाला. "फेब्रुवारीतच कळवलं मला तिकडून. मला आणि डीनबाईंना. कॉन्व्होकेशनपर्यंत कुणाला बोलायचं नाही म्हणाले. मुलं मधेच पळतील, सगळंच कोसळेल म्हणून. रोज सकाळी तुम्ही गाडीत बसता, पुढच्या वर्षीचे बेत सांगता. आणि मी ऐकतो."

मला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. त्याऐवजी मला रडू आलं. तिथे इतक्या लोकांत. मी त्याला एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी समिती आहे. तुम्ही बोललात तर ठीक. नाहीतर मी बोलेन, आणि मग मी तुमच्या गाडीत बसणार नाही."

६

गुरुवारी गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही.

समितीत बाई, मार्कस, आणखी दोन प्राध्यापक. शाहबाज निळ्या सूटमध्येच आला होता, दुपारच्या इंटरव्ह्यूची आशा सुटली नव्हती त्याची. बाह्यांतून मनगटं बाहेर. मार्कसने आरोप वाचायला सुरुवात केली आणि दार वाजलं.

विजयकुमार आत आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर घाम. "सूट मी घेतला," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "ह्या मुलाचा काही संबंध नाही. मी इंटरव्ह्यूला गेलो होतो." आणि मग बाईंकडे बघून, "का गेलो होतो ते मी सांगू, की तुम्ही सांगता?"

मार्कस दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. ह्या माणसाबद्दल मी उगीच वाईट बोलले होते.

बाईंनी चष्मा काढला.  मग त्यांनी सांगितलं. सगळं, जूनपर्यंतचं. मुलांची व्यवस्था मूळ टॉलिव्हरमध्ये लावायचं चाललंय, शेवटच्या वर्षाची डिग्री इथेच मिळेल, स्टाफचं मात्र काही सांगता येत नाही. सांगताना त्यांचा आवाज तसाच बदलला, नव्या मुलांना गोष्ट सांगताना बदलायचा तसा.

"मी एका मुलाला सूटसाठी उभं केलं," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मी स्वतः काय लपवून बसले होते." त्या उठल्या, शाहबाजजवळ गेल्या आणि त्याची माफी मागितली. त्याला काय करावं कळेना, तो मान हलवत राहिला.

"यल्ला, पळ आता," मी त्याला म्हटलं. "इंटरव्ह्यू आहे तुझा. आणि तिथे बाह्या ओढत बसू नकोस."

विजयकुमारला बाईंनी लेखी ताकीद दिली. जूनपर्यंतची नोकरी राहू दिली. त्या संध्याकाळी गाडी आमच्या टॉवरखाली लागली तरी तो उतरेना. मीही बसून राहिले. शेवटी तो म्हणाला, "जातो. सांगतो तिला," आणि गेला.

पुढच्या आठवड्यात माझ्या कपाटात बरेच हँगर रिकामे दिसू लागले, आणि त्यांना लटकलेली कार्डं मुलांची नव्हती. अकाउंट्सचे लोक, लायब्ररीची कुबरा, एक दिवस खुद्द मार्कस. सगळ्यांचे सीव्ही मी लिहीत होते. शाहबाजला कंपनीने दुसऱ्यांदा बोलावलं होतं, आणि तो परत निळ्याच्या बाह्यांवरून कुरकुरत आला होता. डीनबाई आत आल्या, त्यांनी स्वतः करडा सूट काढला आणि त्याच्या अंगावर धरला. मार्कस ड्राय क्लीनरचं नाव सांगायला लागला. "डाग राहू दे," बाई म्हणाल्या. तो कशाचा असतो ते मी त्यांना सांगितलं होतं.

तेवढ्यात सुहासिनी आली. ती कधी कॅम्पसवर आली नव्हती. डोळे सुजलेले होते, पण साडी नीट नेसलेली. विजयकुमार तिच्या मागे, हात पाठीशी बांधून. तिने पर्समधून हळदीकुंकवाची छोटी कुयरी काढली आणि मला म्हणाली, "उघड कपाट."

"सुहासिनी, हे सगळे जुने सूट आहेत गं."

"माहीत आहे मला. ह्यांनी सांगितलं सगळं. नोकरी नवीन लागायचीय ना सगळ्यांना?"

मी कपाट उघडलं. डीनबाई एकेक कोट काढून अस्तर उलटून तिच्यापुढे धरत होत्या, ती बोट लावत होती, आणि मार्कस परत अडकवत होता. शाहबाजपाशी ती थांबली. म्हणाली, तुला चालेल का रे? तो म्हणाला, "आंटी, ह्या सूटला आधीच लावलंय तुम्ही." सगळे हसले, विजयकुमारसुद्धा, जरा उशिरा.

कपाट संपलं. माझ्या खुर्चीच्या पाठीला माझं काळं जॅकेट होतं, एसीसाठी ठेवलेलं, कोपरावर विटलेलं. मी ते काढलं आणि तिच्यापुढे धरलं.